घोडे असून नांगराला बैलच का?

मराठी मुलखाला घोडा काही नवखा नाही. भीमेच्या खोऱ्यातली तट्टं अठराव्या शतकात स्वारांना घेऊन नर्मदापार गेली. पागा, तोबरा, खरारा, मोतद्दार, नालबंद हे शब्द अजून भाषेत जिवंत आहेत. तरी शिवारात नांगराला जुंपलेला घोडा इथे दिसत नाही, पूर्वीही दिसत नव्हता. त्याच अठराव्या शतकात इंग्लंड आणि उत्तर फ्रान्समध्ये नांगर, कुळव, गाडी असं बहुतेक सगळं घोडाच ओढत होता.

‘बैल कष्टाळू, घोडा चपळ’ हे नेहमीचं उत्तर पुरेसं नाही. युरोपात घोड्याने याहून जड कामं केली. फरक तीन ठिकाणी आहे: जनावराच्या खांद्यावर, त्याच्या पोटात आणि त्याच्यामागे जोडलेल्या अवजारात. या तिन्ही गोष्टी जिथे जुळल्या तिथे घोडा शेतात आला. दख्खनमध्ये त्या जुळल्या नाहीत.

खांद्याची गोष्ट

आपल्याकडच्या बैलाला वशिंड असतं. जू त्याच्या पुढे, मानेवर टेकतं. बैल पुढे निघाला की जू मागे सरकून वशिंडाला अडतं आणि तिथून जोर अवजाराला पोचतो. याखेरीज लागतात त्या मानेच्या दोन्ही अंगांना शिवळा, म्हणजे लाकडी खुंट्या, आणि गळ्याखालून सापती, म्हणजे पट्टा. एवढ्यावर जुंपणी पूर्ण. सगळं सामान गावच्या सुताराच्या हातचं, मोडलं तर त्याच दिवशी दुरुस्त होणारं.

घोड्याला वशिंड नाही. त्याची मान तिरकी वर जाते आणि जू ठेवलं तर ते ठरत नाही. ते जागेवर राहावं म्हणून गळ्याभोवती पट्टा आणि पोटाखालून तंग बांधला, तर जोर लावताना गळ्याचा पट्टा वर चढतो आणि श्वासनलिकेवर येतो. फ्रेंच घोडदळातल्या लफेव्र द नोएत या अधिकाऱ्याने १९१०मध्ये जुन्या साजाच्या नकला करून प्रयोग केले आणि असा निष्कर्ष काढला की प्राचीन काळचा घोडा या साजामुळे गुदमरायचा, म्हणून त्याच्याकडून जड ओझं ओढवतच नव्हतं. हे मत बरीच दशकं प्रमाण मानलं गेलं. पुढे १९७०च्या दशकात झां स्प्रुइत यांनी प्राचीन रथ आणि साज जास्त काटेकोरपणे उभे करून चालवून पाहिले. आधीच्या प्रयोगात दोन वेगळ्या साजांची सरमिसळ झाली होती असं त्यातून दिसलं. प्राचीन घोडा गुदमरत नव्हता. पण तो साज हलक्या, वेगवान रथासाठी होता आणि नांगरासारख्या सतत, खालून येणाऱ्या ओढीला तो सोयीचा नव्हता, एवढं मात्र खरं.

नांगराला घोडा जुंपता आला तो कॉलरमुळे. ही गोष्ट आधी चीनमध्ये दिसते, साधारण पाचव्या शतकापासून. युरोपात ती नवव्या-दहाव्या शतकात रुळली. कॉलर म्हणजे पेंढा किंवा लोकर ठासून भरलेली, बाहेरून चामड्याने मढवलेली लांबट कडी. घोड्याच्या मानेच्या बुडाशी, खांद्याच्या फऱ्यांना ती टेकते. तिच्या दोन्ही अंगांना वाकवलेले लाकडी किंवा लोखंडी दांडे बसतात आणि ओढीचे पट्टे किंवा साखळ्या त्या दांड्यांना अडकवतात. आता जोर गळ्यावर येत नाही, दोन्ही खांद्यांच्या रुंद स्नायूंवर वाटला जातो. घोडा मान मोकळी ठेवून सगळं वजन कॉलरमध्ये झोकू शकतो.

बैलाचं जू जोडीतल्या कुठल्याही बैलाला चालतं. कॉलर मात्र चपलेसारखी असते. प्रत्येक घोड्याचं माप वेगळं. ती बघायची रीत अशी: कॉलर चढवून खांद्याला घट्ट मागे टेकवायची. खाली, श्वासनलिकेसमोर, सपाट हात सहज आत गेला पाहिजे. बाजूंना मानेलगत बोटं सरकली पाहिजेत, पण मूठ जाता कामा नये. ओढीचे पट्टे कॉलरच्या उताराला जवळजवळ काटकोनात निघायला हवेत. जोडणी फार वर झाली तर कॉलर वर उचलली जाऊन गळ्यावर दाबते. फार खाली झाली तर ती खांद्याच्या सांध्यावर घासते, घोडा पाऊल आखूड टाकू लागतो आणि मालकाला वाटतं जनावर आळशी झालं.

खरी अडचण हंगामाच्या मध्यावर येते. महिनाभराच्या नांगरटीत घोड्याच्या मानेवरची चरबी उतरते, कॉलर सैल होते, प्रत्येक पावलाला डोलते आणि कातडी सोलते. म्हणून जाणते लोक आत नमद्याची गादी घालतात आणि दर आठवड्याला माप पुन्हा पाहतात. दुसरं कारण घामाचं. कॉलरच्या आतल्या बाजूला घाम वाळून खपली धरते आणि ती दुसऱ्या दिवशी कानशीसारखी चालते. संध्याकाळी कॉलर ओल्या फडक्याने पुसणं आणि घोड्याचे खांदे मिठाच्या पाण्याने धुणं ही रोजची कामं आहेत. खांद्याला एकदा जखम झाली की घोडा दोन-तीन आठवडे बसून खातो, आणि नांगरटीच्या दिवसांत तेवढे दिवस गेले म्हणजे हंगाम गेला.

ताकदीचा हिशेब

‘अश्वशक्ती’ हा शब्द वाफेच्या इंजिनाच्या विक्रीतून आला. आपलं इंजिन किती घोड्यांचं काम करतं हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून जेम्स वॉटने हे माप ठरवलं. मेट्रिक हिशेबात ७५ किलोची ओढ सेकंदाला एक मीटर या वेगाने चालू ठेवली की एक अश्वशक्ती होते.

दिवसभराच्या कामासाठी ढोबळ नियम असा की घोडा आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकी ओढ, ताशी चार किलोमीटरच्या चालीने, आठेक तास चालू ठेवू शकतो. अडलेलं ओझं हलवताना काही सेकंदांपुरता तो याच्या कितीतरी पट जोर लावतो, पण ते रोजच्या हिशेबात धरायचं नसतं. पर्शरोन, बेल्जियन अशा ओढकामाच्या जातींचा घोडा ७०० किलोचा धरू. एकाची ओढ ७० किलो, जोडीची १४०. चाल सेकंदाला १.१ मीटर. म्हणजे जोडीमागे साधारण दोन अश्वशक्ती. आपल्या सव्वाचारशे किलोच्या बैलांची जोडी ९० किलोची ओढ ताशी सव्वादोन-अडीच किलोमीटरने देते. हिशेब पाऊण अश्वशक्तीच्या थोडा वर जातो.

आता जमिनीकडे बघू. २३ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल तास उलटवायचं तर ३४५ चौरस सेंटिमीटर मातीचा काप ओढावा लागतो. मध्यम पोयट्याच्या जमिनीत दर चौरस सेंटिमीटरला ०.४ किलो विरोध धरला, तर ओढ १३८ किलो येते. दोन जड घोड्यांना ती बरोब्बर पेलते, आणि इंग्लंडमध्ये दोन घोड्यांचा नांगर स्थिरावला तो याच गणितामुळे. काळ्या भारी जमिनीत हाच विरोध दीडपट-दुप्पट होतो. १९०३पासून किर्लोस्करांचे लोखंडी नांगर आपल्याकडे मिळू लागले, तेव्हा काळ्या रानात त्यांना दोन-तीन, कुठे चार बैलजोड्या लावाव्या लागत त्या यामुळेच.

एक एकर असा नांगरायला किती चालावं लागतं? २३ सेंटिमीटरच्या तासाने साडेसतरा किलोमीटरच्या वर. घोड्यांच्या जोडीला वळणं आणि विसावा धरून एक कामाचा दिवस. बैलांना त्याच रुंदीच्या तासाने सुमारे दीड.

इथवर घोडाच सरस दिसतो. पण दख्खनी तट्टाचं वजन पावणेतीनशे किलो धरलं तर त्याची दिवसभराची ओढ २७-२८ किलो. जोडीची ५५. म्हणजे मध्यम बैलजोडीच्याही बरीच खाली. आपलं तट्टू घडलं ते स्वार घेऊन डोंगर चढायला, कमी खाऊन लांब पल्ला मारायला. युरोपातले जड घोडे शेकडो वर्षं निवडून, खाऊ घालून मोठे केले गेले. त्यासाठी लागतो तो दाणा.

पोटाची गोष्ट

बैल रवंथ करतो. त्याच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात सूक्ष्मजीव कडबा आंबवतात, मग तो पुन्हा चघळला जातो आणि त्यानंतर खरं पचन सुरू होतं. वाळक्या कडब्यातूनही त्यामुळे बऱ्यापैकी ऊर्जा निघते. घोड्याचं जठर लहान असतं, दहा-पंधरा लिटरचं. चारा आंबतो तो शेवटी, मोठ्या आतड्यात, आणि तिथून लवकर बाहेर पडतो. त्यामुळे निकृष्ट चाऱ्यातून घोड्याला बैलाइतकं मिळत नाही. नुसत्या गवतावर घोडा जगतो, चरतो, पळतो. पण रोज आठ तास नांगर ओढायचा तर धान्य हवंच.

सातशे किलोच्या कामकरी घोड्याला दिवसाला दहा-बारा किलो चांगलं वाळलेलं गवत आणि पाच ते सात किलो ओट लागतात. वर्षातले २०० दिवस काम आणि रोज सहा किलो दाणा धरला तर एका घोड्याला १२ क्विंटल, जोडीला २४. हाच दाणा कोरडवाहू ज्वारीचा धरू आणि एकरी साडेचार क्विंटल उतारा मानू. जोडीच्या दाण्यासाठीच पाच एकरांवर रान लागेल. २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर आहे. ज्या जमिनीची नांगरट करायची तिच्याहून मोठी जमीन नांगरणाऱ्याच्या तोबऱ्यात गेली, तर तो व्यवहार कोण करेल? बैलाचं तसं नाही. ज्वारीचं कणीस माणसाचं, कडबा बैलाचा, आणि बैल देणारी गाय घरात दूधही देते.

उत्तर युरोपात हे जमलं कारण तिथे तीन वाट्यांची शेती रुळली. एका वाट्यात हिवाळी गहू किंवा राय, दुसऱ्यात वसंतात पेरलेले ओट किंवा जव, तिसरा पडीक. थंड, ओलसर हवेत ओट हमखास येतो, आणि माणसाला लागेल त्याहून जास्त येतो. तरीही बदल सावकाश झाला. १०८६च्या इंग्लंडच्या जमीनमोजणीत नांगराचं प्रमाण माप आठ बैलांचंच होतं. तेराव्या शतकातला शेतीचा जाणकार वॉल्टर ऑफ हेन्ली तर बैलाच्या बाजूने होता. घोड्याला ओट आणि नाल यांचा खर्च, म्हातारा बैल खाटकाकडे जातो, म्हाताऱ्या घोड्याचं फक्त कातडं उरतं, असा त्याचा हिशेब. शिवाय घोड्याचा नांगर जास्त काम करत नाही, कारण नांगऱ्या मुद्दाम बैलाच्या चालीपुढे जात नाही, असंही त्याने लिहून ठेवलंय. मजुरीच्या कामाचा वेग कोण ठरवतो हा वाद आठशे वर्षांपूर्वीही होताच.

गंमत अशी की इंग्लंडमध्ये घोड्याकडे आधी वळले ते लहान शेतकरी. मोठ्या जमीनदाराला नांगराची वेगळी आणि गाडीची वेगळी जनावरं परवडत. लहान शेतकऱ्याला एकाच जनावराने नांगर, कुळव आणि बाजाराची गाडी ओढायला हवी होती. जड घोडे मागाहून आले, आधी आले ते स्वस्त आणि मध्यम.

दख्खनमध्ये घोडा चाऱ्याच्या बाबतीत शेतकऱ्याचा प्रतिस्पर्धीच होता. शिवाजी महाराजांनी १६७०च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना पाठवलेल्या प्रसिद्ध पत्राचा मोठा भाग दाणावैरणीबद्दल आहे. बेगमी आताच उधळली तर ऐन पावसाळ्यात घोडी मरतील आणि मग रयतेच्या घरातून वैरण ओढून आणाल, हे होऊ देऊ नका, असा त्याचा आशय. ते पत्र नीतीचं म्हणून वाचलं जातं. ते चाऱ्याचं अंदाजपत्रकही आहे.

यंत्रांनी घोडा वाढवला

यंत्रं आली आणि घोडा गेला, अशी सर्वसाधारण समजूत. घडलं उलटं. यंत्रं आल्यावर बरीच दशकं घोडे वाढत गेले.

कारण जुन्या कापणीयंत्राला स्वतःचं इंजिन नव्हतं. जमिनीवरचं चाक फिरायचं, दातेरी चाकांमधून ती गती पात्याला जायची आणि पातं आडवं मागेपुढे सरकायचं. पात्याचा वेग म्हणजे जनावराच्या चालीचा वेग. बैल सावकाश चालला की पातं गवत कापण्याऐवजी चेंबटतं आणि पात्यात बोळा अडकतो. घोड्याची ताशी चार किलोमीटरची चाल इथे चैनीची नव्हती, ती यंत्राची गरज होती. अमेरिकेत मॅककॉर्मिकने १८३१मध्ये कापणीयंत्र चालवून दाखवलं, १८३७मध्ये जॉन डिअरने चिकट मातीत न चिकटणारा पोलादी नांगर केला. त्यानंतर गवत कापणी, पेरणी, कोळपणी, बांधणी अशी एकेक यंत्रं घोड्यामागे लागली. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनच्या गव्हाच्या टेकड्यांवर कापणी आणि मळणी एकत्र करणारं यंत्र ओढायला २० ते ४० घोडे किंवा खेचरं एकाच वेळी जुंपत.

इतके घोडे एका यंत्राला सारखा जोर कसा लावतात? उत्तर एका आडव्या दांड्यात आहे. दोन घोड्यांचे पट्टे दांड्याच्या दोन टोकांना आणि अवजार मधल्या खिळीला. दांडा तराजूसारखा वागतो. खिळी बरोबर मधे असेल तर दोघांना सारखं ओझं. एक मीटरच्या दांड्यात खिळी ४५ आणि ५५ सेंटिमीटरवर ठेवली, तर ५५च्या बाजूचा घोडा फक्त ४५ टक्के ओढतो. नव्या, पोरसवदा घोड्याला लांब बाजू द्यायची. जुवालाही खिळ सरकवून हे साधतं, आणि अधू बैलाच्या बाजूला जुवाचा लांब हात देणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

नांगर खोल-उथळ जाण्याचं गणितही ओढीच्या रेषेत आहे. फाळापासून नांगराच्या पुढच्या कडीतून कॉलरच्या जोडणीपर्यंत एक सरळ रेषा असायला हवी. कडी वरच्या भोकात लावली तर नांगर खोल जातो, खालच्या भोकात लावली तर वर येतो. साखळ्या आखूड केल्या तर घोडे नांगराचं तोंड उचलतात आणि तास उथळ होतं. नांगर सारखा वर उसळत असेल आणि माणूस रुमण्यावर, म्हणजे नांगराच्या मुठीवर, अंग टाकून तो दाबत असेल, तर नव्वद टक्के चूक साखळीच्या लांबीत असते. रुमण्यावर दिलेला भार शेवटी घोड्याच्याच खांद्यावर जातो.

सोमवारचा आजार

ओढकामाच्या घोड्याचे आजार त्याच्या कामाच्या वेळापत्रकातून येतात. सगळ्यात बोलका तो सोमवारचा. शनिवारपर्यंत जड काम आणि भरपूर दाणा. रविवारी सुट्टी, पण दाणा तेवढाच. सोमवारी जुंपल्यावर पंधरा-वीस मिनिटांत घोडा घामाने निथळतो, मागचे पाय ताठतात, पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे होतात आणि लघवी कॉफीच्या रंगाची येते. स्नायू फुटून त्यातलं रंगद्रव्य मूत्रपिंडात उतरतं म्हणून तो रंग. अशा वेळी घोड्याला चालवत घरी नेणं ही सर्वात घातक चूक. जिथे आहे तिथे थांबवायचा, साज काढायचा, अंगावर घोंगडी टाकायची, पाणी द्यायचं आणि डॉक्टर बोलवायचा. टाळायची रीत सोपी: सुट्टीच्या आदल्या संध्याकाळपासून दाणा निम्म्याहून कमी, गवत हवं तेवढं आणि सुट्टीतही थोडं फिरवणं.

दुसरा धोका पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही. जठरात गेलेलं पुढेच जायला हवं. त्यामुळे आंबूस झालेलं धान्य, एकदम बदललेला चारा, दाण्यावर लगेच जड काम या तीनही गोष्टी जिवावर बेततात. क्रम असा पाळतात: आधी पाणी, मग गवत, मग दाणा आणि जुंपण्याआधी तास-दीड तास मोकळा. नवा चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवायचा. जास्त दाणा चुकून खाल्ला गेला तर पोटाइतकाच खुराला धोका असतो. खुराच्या आतला थर सुजतो, घोडा पुढच्या पायांवरचा भार मागे टाकून उभा राहतो, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर कायमचा लंगडतो. आपल्याकडे घोड्याला हरभरा आणि कुळीथ देतात. इंग्रजांनी तर कुळथाचं नावच ‘हॉर्स ग्राम’ ठेवलं. पण ही कडधान्यं भिजवून, मापाने आणि भरपूर गवतासोबतच.

नाल दर सहा-आठ आठवड्यांनी काढून खूर तासावा लागतो. नाल झिजला नसला तरी, कारण खूर वाढतच असतो. धनुर्वाताला घोडा बैलापेक्षा कितीतरी जास्त बळी पडतो, म्हणून खिळ्याच्या साध्या जखमेलाही लस महत्त्वाची. उष्ण प्रदेशात डासमाशांनी पसरणारे रोग वेगळेच. १९६०च्या सुमारास आफ्रिकन हॉर्स सिकनेसची साथ पश्चिम आशियातून भारतात आली आणि या सगळ्या पट्ट्यात मिळून तीन लाखांहून जास्त घोडेवर्गीय जनावरं मेली.

ट्रॅक्टर आला तेव्हा

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतल्या शेतांवर सुमारे २.६ कोटी घोडे आणि खेचरं होती आणि देशाच्या पीकक्षेत्राचा जवळपास चौथा हिस्सा त्यांच्या चाऱ्यात जात होता. १९१७मध्ये फोर्डसन ट्रॅक्टर आला, नांगरट स्वस्त झाली. तरी घोडा लगेच गेला नाही, कारण पिकाच्या ओळींतून कोळपणी करायला तो ट्रॅक्टर जात नव्हता. शेतकऱ्याला नांगराला ट्रॅक्टर आणि कोळपणीला घोडा असा दुहेरी खर्च पडत होता. १९२४मध्ये फार्मॉल आला. उंच, पुढची चाकं जवळजवळ, ओळींतून चालणारा. त्यानंतर घोडा ठेवण्याचं शेवटचं कारण गेलं. १९६०पर्यंत अमेरिकेत तीसेक लाख घोडे-खेचरं उरली. त्यांचा चारा पिकवणारी जमीन माणसांच्या आणि दुभत्या जनावरांच्या खाण्याकडे वळली.

आजचा घोडा

अमेरिकेतले आमिश या ख्रिस्ती पंथाचे लोक शेतात ट्रॅक्टर चालवत नाहीत, धर्मनियमाने. पण यंत्रांना त्यांचा विरोध नाही. सहा-आठ बेल्जियन घोडे किंवा खेचरं ओढतात ते गवताचे गठ्ठे बांधणारं यंत्र, आणि त्या यंत्रावर बसवलेलं असतं पेट्रोलचं किंवा डिझेलचं इंजिन. घोडा फक्त पुढे नेतो, यंत्र चालवतं ते इंजिन. कापणीयंत्राचा तो जुना पेच अशा रीतीने सुटला. त्यांच्या कार्यशाळा घोड्यांसाठी नवी अवजारं अजून बनवतात, आणि १९९४पासून दरवर्षी त्यांचं प्रदर्शन भरतं.

फ्रान्समध्ये बोर्दो आणि बर्गंडीच्या काही द्राक्षबागांत घोडा परत आलाय. ओळींत एक मीटरच अंतर, वेली जुन्या आणि महाग. ‘घोड्याने जमीन दाबली जात नाही’ असं तिथे सांगतात, ते अर्धच खरं. खुराखालचा दाब टायरखालच्या दाबापेक्षा कमी नसतो, बहुधा जास्तच असतो. पण एकूण वजन कमी असल्याने खोल थर दाबले जात नाहीत, आणि खूर सुटे पडतात, चाकासारखा सलग पट्टा तयार होत नाही. एका ओळीतून वर्षात दहा फेऱ्या झाल्या तर हा फरक मुळांना जाणवतो. घोड्याने मशागत महाग पडते. महागड्या वाइनमध्ये ती खपते, कांद्यात खपणार नाही.

भारतात २०१९च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टं मिळून ३.४ लाख होती, २०१२पेक्षा जवळपास ४५ टक्क्यांनी कमी. शेतीशी त्यांचा संबंध ओढण्यापेक्षा वाहण्याचा. हिमाचल आणि उत्तराखंडात रस्ता नसलेल्या बागांतून सफरचंदाच्या पेट्या खेचरं आणतात. महाराष्ट्रात धनगरांचं बिऱ्हाड तट्टावरच चालतं: भांडी, कोकरं, कोंबड्या, पालाचं सामान, कधी लहान मूलही. मेंढ्या दिवाळीनंतर कोकणाकडे, मराठवाड्याकडे निघतात आणि वाटेत शेतकरी त्या आपल्या रानात बसवून घेतात, लेंडी आणि मुताच्या खतासाठी. पाल रोज नव्या रानात पडतं ते तट्टामुळे. दख्खनी तट्टू नांगर कधी ओढत नाही, पण खत शेतात पोचवण्याच्या या साखळीत त्याची एक कडी आहे.

आणखी एक काम घोडा करतो, ते शेतापासून दूर, तबेल्यात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावरची लस घोड्यांच्या रक्तातून बनते. मुंबईच्या हाफकिनचे घोडे त्यासाठीच पिंपरीला असतात. घोड्याला विषाचे अगदी लहान डोस टोचतात आणि काही आठवड्यांत वाढवत नेतात. रक्तात प्रतिद्रव्यं पुरेशी झाली की ठरावीक रक्त काढतात, त्यातला द्रव वेगळा करतात आणि तांबड्या पेशी घोड्याला परत देतात. शुद्ध केलेला अंश गोठवून, वाळवून कुप्यांमध्ये भरतात. एका कुपीत १० मिली लस होते, आणि तिच्या एका मिलीने नागाचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी व्हावं असं प्रमाण ठरलेलं आहे. रात्रीच्या पाळीत पाणी धरताना घोणस चावलेल्या माणसाला सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या शिरेतून द्याव्या लागतात, मुलाला आणि मोठ्याला सारख्याच. हे घोड्याचं प्रथिन असल्यामुळे काहींना अंगावर गांधी उठतात, धाप लागते, रक्तदाब घसरतो. म्हणून लस सुरू करण्याआधी अ‍ॅड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवतात, आणि म्हणूनच ती गावच्या दुकानातून आणून घरी टोचायची नसते.